ताईची नळी

"पुढची," बाबा आतून म्हणाले.

धाकटीने बोट उचलून शेजारच्या पट्टीवर ठेवलं. ऑर्गनच्या पोटात बाबा नेमके कुठे बसले आहेत ते तिला दिसत नव्हतं, आणि दिसायचं कारणही नव्हतं. हे काम दोघांचं असतं आणि दोघांनी एकमेकांना न बघता करायचं असतं. एकाने बाहेर बसून पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने आत नळ्यांच्या गर्दीत कान लावायचा. एका पट्टीवर दोन नळ्या बोलतात, एक जाड आणि एक बारीक. दोघींचं पटलं की आवाज साठलेल्या पाण्यासारखा स्थिर उभा राहतो. नाही पटलं तर त्याला लहर येते, थरथर सुटते. मग आतला माणूस बारीक नळीच्या डोक्यावरचं पत्र्याचं कडं छोट्या हातोडीने हलवतो. कडं वर सरकलं की स्वर उतरतो, खाली आलं की चढतो. लहर मंदावते, थांबते.

टिक, टिक. "पुढची." टिक. "पुढची."

आणि मग हातोडी न वाजताच, तिचं बोट नीट टेकायच्या आत, "पुढची."

ती ताईची नळी.

बाबांच्या गुडघ्यांनी नकार दिल्यापासून आत शिरायचं काम ताईकडे होतं आणि पट्टी धरायचं धाकटीकडे. ताईचा कान असा की बाबासुद्धा तिच्यामागून तपासायला जात नसत. आजार अंगात मुरला तरी ती यायची. शेवटच्या खेपेला या नळीपाशी आली, दोनदा ठोकलं, आणि घामाने निथळत बाहेर येऊन म्हणाली, "बास गं, आज इथेच." नळी उतरलेलीच राहिली. ताई परत आत गेली नाही.

तिला मातीत ठेवल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आई पुढच्या बाकावर बसली होती. गीताच्या मध्येच तो थरथरता स्वर वाजला आणि आईने बाकाची कड घट्ट धरली. उपासना संपल्यावर ती पाळकांना म्हणाली, "ती आहे इथे. त्या नळीला कुणी हात लावायचा नाही." पाळक भल्या मनाचे. एक नळी बेसूर राहिल्याने प्रभू काही कान झाकून घेणार नाही, असं म्हणून त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून दर रविवारी जेवताना आई विचारायची, "आज ऐकलंत ना?" आणि सगळे म्हणायचे, "हो, ऐकलं." धाकटीने तर हल्ली त्या स्वराकडे कान देणंच सोडलं होतं, तरी तीही म्हणायची.

म्हणजे ताईची खुर्ची होती, ताईचा निळा कप होता, खिडकीतली ताईची जागा होती, ताईशी लग्न ठरलेला, चष्म्याच्या दुकानातला तिचा चष्मेवाला होता. त्यात आता एक नळीही आली. जिवंत बहिणीशी भांडता तरी येतं. कंगवा हिसकावता येतो, अबोला धरता येतो. गेलेली बहीण मात्र कधी उलट बोलत नाही, कधी चुकत नाही, दिवसेंदिवस शहाणीच होत जाते. आणि तिची चूक झालीच, तर घरातली माणसं तिच्या चुकीपुढे माना लववतात. धाकटीची एखादी चूक वर्षभर कुणी जपली नव्हती.

यावर प्रार्थना करून पाहावी म्हटलं, तर काय मागायचं तेच तिला सुचत नव्हतं. रविवारच्या शाळेत शिकवलं होतं की देव स्वतः ईर्ष्यावान आहे. लहानपणी तिला ते ऐकून भीती वाटली होती. आता वाटायचं, मग त्याला तरी माझं कळायला हवं.

खालून पाळकांनी चहाला हाक मारली. बाबा कण्हत बाहेर आले, हात पुसले आणि एकेक पायरी करत जिना उतरले.

हीच वेळ होती. उद्या ताईला जाऊन वर्ष होणार होतं. उद्या अख्खं चर्च तिच्यासाठी जमणार होतं, आई पुढच्या बाकावर कान टवकारून बसणार होती, आणि तिच्या शेजारी चष्मेवाला. धाकटीने डब्यातून शिशाचं वजन काढून पट्टीवर ठेवलं, म्हणजे बोटाशिवाय ती दाबलेली राहील. हातोडी घेतली आणि आत शिरली. दोन टिचक्या मारल्या की झालं. उद्या आईने वाट पाहावी आणि लहर येऊ नये, एवढंच तिला हवं होतं. हे पाप आहे हे तिला माहीत होतं. तिने ते आधीच कबूल करून टाकलं, नंतर वेळ मिळाला नसता.

नळीपाशी बसून तिने कान दिला.

लहर नव्हती.

तिने जाड नळीवर तळवा ठेवला, मग बारीक नळीवर. दोन्ही बोलत होत्या आणि आवाज एकच होता, सपाट, निश्चल. कुणीतरी ती सुरात आणली होती. आजची गोष्ट नव्हती ती. कड्यावरच्या ओरखड्यात धूळ बसली होती. ओरखडा तिरका होता. ताईचा हात सरळ पडायचा. तिरकी हातोडी घरात एकाचीच.

ती बाहेर आली आणि वजन उचलून डब्यात टाकलं. बाबा परतल्यावर तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "बाबा, ताईची नळी एकदा तपासून बघायची का? वर्ष झालं."

बाबा आत शिरता शिरता थांबले. "नको," ते म्हणाले. "आईला काय वाटेल."

बाबा खोटं बोलू शकतात हे तिला अठराव्या वर्षी कळलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला वाईट वाटलं नाही. हातात काहीतरी आल्यासारखं वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर सगळी घरी जेवायला आली. सगळी म्हणजे पाचच जणं. आईने चष्मेवाल्याला नेहमीप्रमाणे ताईच्या खुर्चीत बसवलं आणि त्याच्या ताटात सगळ्यांआधी वाढलं.

"आई, पुरे," तो म्हणाला. ती त्याला जन्म दिलेली आई नव्हती, पण वर्षभर तो तिला आईच म्हणत होता. तिनेच तसं सांगितलं होतं. लग्न झालं असतं तर म्हणालाच असता ना, मग आता का नाही?

"पुरे काय, दुकानात दिवसभर उभा असतोस. आज तिचा स्वर किती छान ऐकू आला, नाही रे? वर्षात इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता मी."

"हो आई."

"दुसऱ्या कडव्यात. मी म्हटलं, बघ, आज तिला माहीत आहे आपण का जमलोत ते."

बाबा पाव मोडत राहिले. धाकटी बाबांच्या बोटांकडे बघत राहिली.

आईला ते दिसलं नाही. तिला दुसरंच दिसत होतं, आणि गेले काही रविवार दिसत होतं. धाकटीने आज केस वर बांधले होते. मानेवर एक बट सुटी सोडली होती. ती बट चुकून सुटलेली नव्हती. आरशासमोर बराच वेळ घालवल्याशिवाय चुकून काही सुटत नाही, हे दोन मुली वाढवलेल्या बाईला कुणी सांगायला नको. रस्सा वाढताना तिचा हात चष्मेवाल्याच्या बाजूने फिरला की उगाच हळू होत होता. आणि तोही मूर्ख, चष्मा पुसायच्या निमित्ताने वर बघत होता.

"केस असे का बांधलेस?" आईने विचारलं.

"उकडतंय."

"काल उकडत नव्हतं का?"

"काल पण उकडत होतं."

"वहिनी, पोरीच्या केसांवर उपासनेत काही वचन होतं का?" आत्या म्हणाली. आत्याचं इस्त्रीचं दुकान होतं आणि वाफेत आयुष्य काढल्यामुळे तिला कुठल्याही गोष्टीची सुरकुती दिसली की राहवत नसे. "मला तर ऐकू आलं नाही. पण माझं मेलं लक्ष कुठे होतं, पाळकांच्या कॉलरला नीळ जास्त झालीय तिकडेच होतं."

बाबा जरासे हसले. तेवढ्याने धीर येऊन आत्या चष्मेवाल्याकडे वळली. "आणि तू रे? तुझं सांगितलंस का वहिनीला?"

चष्मेवाल्याने चमचा खाली ठेवला. "सांगणारच होतो."

"काय सांगणार होतास?" आई म्हणाली.

"मला दुसऱ्या शहरात बोलावलंय. मोठी कार्यशाळा आहे. इथे नुसती भिंगं बसवतो, तिथे घासायला मिळतील." तो आत्याकडे रागाने बघत होता. त्याने आज फक्त जेवायचं असं ठरवलं होतं. "अजून हो म्हटलेलं नाही."

"आणि रविवारी?"

"तिथेही चर्च आहे, आई."

"तिथे ती नाही."

आत्याने ताट बाजूला सारलं. मग तिने आवाज खाली आणला आणि तीच चूक झाली. आत्याचा मोठा आवाज कुणी मनावर घेत नसे. "वहिनी, तुझं दुःख मला कळतं. पण हा पोरगा तेवीस वर्षांचा आहे. त्याला काय जन्मभर एका खुर्चीत बसवून ठेवणार? जायचंय तर जाऊ दे. नाहीतर घरातच ठेवायचा असेल, तर घरात अजून एक मुलगी आहे. मी काही आंधळी नाही."

धाकटीच्या कानांपर्यंत रक्त चढलं. तिने चष्मेवाल्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तोही तितकाच लाल झालेला दिसला असता.

आईने वाढायचा डाव रश्शाच्या भांड्यात ठेवला. "हे तुम्हाला हिने सांगितलं, वन्सं?"

"मला कुणी काही सांगितलं नाही. मला डोळे आहेत."

"मलाही आहेत." आई आता धाकटीकडे बघत होती. "मी काही बोलत नव्हते. म्हटलं, लहान आहे. ताईचा स्वेटर घातलास, बोलले नाही. ताईसारखे केस बांधलेस, एवढंच विचारलं. आता खुर्ची तेवढी राहिली. बस ना. आजच बस. आज वर्ष झालंय, दिवस चांगला आहे."

"अगं," बाबा म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका. सकाळी तिचा स्वर ऐकून आले मी, अजून तो कानातून गेला नाही, आणि इथे माझ्याच घरात तिच्या जागेवर बोली लावताय."

धाकटीने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. रात्रभर ती हे वाक्य तोंडात घोळवत होती. कधी बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, कदाचित कधीच बोलली नसती. पण स्वेटरचं आईने काढायला नको होतं. तो ताईने तिला स्वतः दिला होता.

"सकाळी लहर नव्हती," ती म्हणाली. "ताईची नळी सुरात आहे."

"काय?"

"काल मी आत जाऊन बघितलं. ती सुरात आहे. पुष्कळ दिवसांपासून आहे. बाबांनी लावलीय."

आत्याने प्रभूचं नाव घेतलं, अगदी हळू.

आईने नवऱ्याकडे बघितलं. नाही म्हणतील म्हणून ती थांबली. बाबांनी पावाचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला, मग तो उचलून दुसऱ्या कडेला ठेवला. आयुष्यभर लहर ऐकत आलेला माणूस, पण घरातली ही थरथर कुठून थांबवायची ते त्याला उमगत नव्हतं.

"भात्याला तेल द्यायला गेलो होतो," ते म्हणाले. "दुसरा काही विचार नव्हता. पण तिथे बसलो आणि..."

"कधी?"

"थंडी संपली तेव्हा."

"थंडी संपली तेव्हा," आई म्हणाली. "आणि मग मी दर रविवारी विचारत होते तेव्हा?"

"तुला ऐकू येत होता."

"तुम्ही हो म्हणत होता."

"तुला ऐकू येत होता, मी नाही कसा म्हणू?" बाबांचा आवाज चिरकला. "अगं, लोक मागे वळून बघायचे. त्या स्वराला गाणारे तोंड वाकडं करायचे. काय म्हणत असतील? ऑर्गनवाल्याच्या मुलीने बिघडवून ठेवली. तिच्या हातून कधी एक नळी बेसूर राहिली नव्हती. तिचं शेवटचं काम चुकलेलं म्हणून लोकांनी लक्षात ठेवायचं? ती कारागीर होती माझी."

"तुमची कारागीर असेल. माझी मुलगी होती. चुकलेली, दमलेली, ताप आलेली. तेवढीच राहिली होती ती माझ्याजवळ."

"म्हणून तर सांगितलं नाही."

"एकटेच होता?"

"कुठे?"

"तिथे. आत. एकटेच होता का?"

बाबांना प्रश्न कळला नाही. आत्याला कळला असावा, कारण तिने नजर खाली घातली.

"एकटाच होतो."

"म्हणजे तिने हात लावलेलं शेवटचं जे होतं, त्याला तुम्ही एकट्याने हात लावलात. मला बोलावलंत नाही." आईचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "दवाखान्यातही शेवटच्या घडीला तुम्हीच होता. मी डबा आणायला घरी आले होते आणि तुम्ही होता. मी कधी बोलले नाही. म्हटलं, कुणीतरी होतं जवळ, देवाची कृपा. पण हीही वेळ तुम्हीच घेतलीत?"



चष्मेवाल्याला वाटलं, आपण उठून जावं. हे कुटुंबातलं होतं. पण आपण कुटुंबातले नाही हे आजच ठरवायचं का, हेही त्याला कळेना. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. मग तो जे बोलला ते बोलायचं त्याच्या मनात कधीच नव्हतं.

"मला ऐकू येत नाही, आई."

"काय ऐकू येत नाही?"

"ती लहर. मला ती कधीच ऐकू आली नाही. आधीही नाही. मला सूर कळतच नाही. गीत सुरू झालं की मी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून तोंड उघडतो."

आत्याच्या तोंडून अर्धं हसू निसटलं. तिने ते पदरात धरलं.

"तिला माहीत होतं," चष्मेवाला म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात कळलं तिला. म्हणाली, ऑर्गनवाल्याच्या घरात बहिरा जावई, बाबांना सांगू नकोस. खूप हसली होती."

ते हसू टेबलावर क्षणभर सगळ्यांना ऐकू आलं, आणि धाकटीचा जुना हेवा जागा झाला. हेही तिला माहीत नव्हतं. ताईने तिला सगळं सांगितलं असं तिला वाटायचं, आणि हे एवढं हसण्यासारखं सांगितलं नव्हतं. तिने ते या माणसाबरोबर वाटून घेतलं होतं आणि दार लावून घेतलं होतं.

"मग तू हो का म्हणायचास?" आईने विचारलं.

"पाळक म्हणतात ना, न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवा. मी तुमच्या कानांवर ठेवला." तो ओशाळला. "वाटायचं, ती तिथे आहे आणि यांना ऐकू येते. मला नाही आली तरी चालेल. कुणाला तरी येते ना."

आईने हात पुसले आणि खुर्ची मागे सारली.

"मला ती परत हवी," ती नवऱ्याला म्हणाली. "होती तशी करून द्या."

"कशी करू?"

"तुम्हीच बिघडवलीत ना."

"मी लावली." बाबा हताश झाले. "मला सुरातलं लक्षात राहतं. उतरलेलं मी कशाला लक्षात ठेवू? उतरायला हजार जागा आहेत. त्यातली तिची कुठली, ते मला नाही सांगता येणार."

"मला येईल," धाकटी म्हणाली.

आईने मान वळवली.

"पट्टी मीच धरली होती त्या दिवशी. ताई दमून नुसती बसली होती आत, आणि मी धरूनच होते. तिने सोड म्हटलं नाही म्हणून. ती लहर मला पाठ आहे."

आई तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात माया होती असं म्हणता येणार नाही. आपल्याला हवी ती वस्तू शेजारणीच्या हातात दिसावी तशी ती बघत होती. पण वर्षभरात एवढा वेळ तिने या मुलीकडे बघितलं नव्हतं, हेही खरं.

"चल," ती म्हणाली.

*

दुपारचं चर्च रिकामं होतं. सकाळची फुलं वेदीपाशी तशीच होती. आत्या बाहेरच्या पायरीवर पाळकांना धरून बसली. कॉलरचा विषय काढते म्हणाली, म्हणजे ते आत येणार नाहीत.

बाबा सवयीने जिन्याकडे वळले, तशी आईने त्यांची बाही धरली. "तुम्ही इथेच बसा. माझ्याजवळ." हे प्रेमाने म्हटलेलं नव्हतं. पुन्हा त्यांना एकट्याला सोडायचं नाही, एवढंच ठरलेलं होतं. दोघं पुढच्या बाकावर बसली.

"मग पट्टी कोण धरणार?" धाकटीने वरून विचारलं. वजन पट्टीवर ठेवता आलं असतं, हे तिला माहीत होतं. तिने सांगितलं नाही.

चष्मेवाला जिना चढून वर आला. तिने त्याचं बोट धरलं, नेमक्या पट्टीवर ठेवलं, आणि लगेच सोडलं. बोट गार होतं. भिंगं हाताळणाऱ्याचं बोट, स्वच्छ, नखं कापलेली. "फक्त दाबून धरायचं," ती म्हणाली. "ऐकायचं काही नाही."

"तेवढं जमेल."

ती आत शिरली. कालपेक्षा आतमध्ये गरम होतं. तिने कड्याला खालून एक टिचकी मारली. स्वर ढळला. आणखी एक. लहर उठली, पण घाईची, ताईची नव्हे. तिने डोळे मिटले. त्या दिवशी ताई आत बसली होती आणि आवाज एखाद्या दमलेल्या माणसाच्या छातीसारखा वर जात होता, खाली येत होता. वर जाऊन जरा अडायचा, मग यायचा. ती कडं केसाएवढं हलवत गेली. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

आली.

तीच होती. तशीच अडत होती, तशीच येत होती. आता हात लांब केला तर त्या अंधारात ताईचा गुडघा लागेल, इतकी ती जवळ होती. वर्षभर धाकटी तिच्या खुर्चीचा, कपाचा, माणसाचा हेवा करत होती. या सगळ्या काळात ताई इथे बसली होती, घामाने निथळलेली, आणि आता म्हणणार होती, बास गं.

"झाली का?" खालून आईचा आवाज आला.

"झाली. ऐक."

आई ऐकत होती. बाबाही ऐकत होते, मान खाली घालून, आणि त्यांचा चेहरा मध्येच ओढला गेला. त्यांना ओळख पटली होती. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. आज त्यांना विचारलेलं नव्हतं.

"ही नाही," आई म्हणाली.

आत धाकटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"ही फार हलतेय," आई म्हणाली. "तिची अशी नव्हती. शांत होती. मला माहीत आहे ना, दर रविवारी ऐकते मी."

बाबांनी बायकोकडे बघितलं.

धाकटी हातोडी धरून बसून राहिली. एवढं सांगायचं होतं की आई, हीच आहे, तू विसरलीस. तू बाबांनी लावलेला स्वर ऐकत राहिलीस आणि त्यालाच ताई समजलीस. तुझी ताई केव्हाच बदलली. वाक्य तयार होतं. कालपासून तिला अशी वाक्यं फार सहज सुचत होती, आणि हे तर खरंही होतं. हे बोललं की आईजवळ काहीच राहिलं नसतं. सगळं धाकटीजवळ आलं असतं.

प्रभू, तिने मनात म्हटलं, आणि वर्षात पहिल्यांदा तिला पुढचा शब्द सुचला. पण तो तिने कुणालाच सांगितला नाही, म्हणून आपल्यालाही ठाऊक नाही.

"थांब," ती मोठ्याने म्हणाली. "बघते."

तिने कडं खाली ठोकलं. अगदी हलकं, सरळ. लहर मंदावली. ताईचा श्वास लांबला. आणखी एक टिचकी. आणखी एक. मग आवाज पुन्हा साठलेल्या पाण्यासारखा उभा राहिला. त्यात आता कुणीही नव्हतं.

"हीच," आई म्हणाली. तिचा आवाज फुटला. "हीच गं. अहो, हीच ना?"

"हीच," बाबा म्हणाले. आणि त्यांनी बाकाच्या कडेवरचा तिचा हात आपल्या हातात घेतला. तिने काढून घेतला नाही.

बऱ्याच वेळाने ती दोघं उठून बाहेर गेल्याची चाहूल लागली. दारापाशी आत्या काहीतरी म्हणाली, आई तिला काहीतरी म्हणाली, आणि दार लोटलं गेलं.

स्वर वाजतच होता. चष्मेवाल्याला कुणी बोट उचल असं सांगितलं नव्हतं. तो पट्टीसमोर उभा होता आणि त्याला एवढंच कळत होतं की काहीतरी झालं आणि आई रडली, म्हणजे चांगलंच झालं असणार. आत काहीतरी हुंदक्यासारखं वाजलं असं त्याला वाटलं. पण आपल्या कानांचा त्याला भरवसा नव्हता.

"झालं का?" त्याने नळ्यांच्या दिशेने विचारलं. "सोडू?"

आत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या धाकटीने बाहीला नाक पुसलं. तो स्वर थांबला की चर्च शांत होणार होतं आणि मग तिचं रडणं कुणालाही ऐकू गेलं असतं.

"नको," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ धरून ठेव."

आणि त्याने, काय धरलंय ते न कळता, धरून ठेवलं.